परकीय भांडवल कशाला भुलते? बारा तासांना की शाळेला?

दरवर्षी जानेवारी उजाडला की आपले मुख्यमंत्री लवाजमा घेऊन स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जातात. बर्फासमोर फोटो निघतात, सामंजस्य करारांच्या फायली या हातातून त्या हातात जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत लाखो कोटींचे मथळे झळकतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने अशा १५ लाख कोटी रुपयांहून जास्त रकमेच्या करारांची घोषणा केली. त्यातले सर्वात मोठे करार कोणाशी झाले? रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू या मुंबईतल्याच उद्योगसमूहांशी! मुंबईतच ज्यांची कचेरी आहे, त्यांच्याशी करार करायला आल्प्सच्या डोंगरात जायचे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच सरकारच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. कारण सांगितले गेले ते हेच: गुंतवणूक आली पाहिजे, उद्योगांना सोयीचे झाले पाहिजे.

या दोन बातम्या आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचतो. एका बातमीत भांडवलाला निमंत्रण आहे, दुसरीत त्या निमंत्रणाचा खर्च कोणी उचलायचा ते ठरवले आहे. सरकार म्हणते, आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाचा मोबदला मिळेल, कामगाराची लेखी संमतीही लागेल. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्या पोराने ‘माझी संमती नाही’ असे लिहून द्यावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला गेटमधून आत सोडावे, असे होईल हे ज्यांना खरे वाटते त्यांनी एकदा पहाटे एखाद्या एमआयडीसीच्या गेटवर उभे राहून पाहावे.

आठ तासांचा दिवस आम्हाला कोणी दान दिलेला नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दिल्लीच्या त्रिपक्षीय परिषदेत हा विषय त्यांनी पुढे आणला. १९४६ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. म्हणून आज हे तास वाढतात तेव्हा आम्ही विचारणारच: परकीय भांडवल खरोखर बारा तासांना भुलते का? की त्याच्या नावाखाली इथल्याच मालकवर्गाचे जुने काम उरकून घेतले जात आहे?

आधी हिशेब नीट समजून घेऊ. शेअर बाजारात आज आलेला आणि उद्या निघून जाणारा पैसा ही थेट परकीय गुंतवणूक नव्हे. परदेशी कंपनी इथे कारखाना, कार्यालय उभारते किंवा चालू कंपनीत १० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा घेऊन कारभारात वाटा मिळवते, तिला थेट गुंतवणूक म्हणतात. २०२४-२५ मध्ये अशी सुमारे ८१ अब्ज डॉलरची गुंतवणूक देशात आली, असे ढोल वाजवून सांगितले गेले. पण त्याच वर्षी आधीच्या परदेशी गुंतवणूकदारांनी आपला हिस्सा विकून पन्नास अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाहेर नेली आणि भारतीय कंपन्यांनीही परदेशात मोठी गुंतवणूक केली. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात वजाबाकी झाल्यावर निव्वळ आवक उरली ती एक अब्ज डॉलरचा आकडाही धड गाठू शकली नाही. इथल्या भांडवलदारांनाच जिथे नवा कारखाना घालावासा वाटत नाही, तिथे परक्याने का घालावा, हा प्रश्न दावोसला कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट. त्या वर्षी देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी सर्वात जास्त आले ते सिंगापूर आणि मॉरिशसमधून. मॉरिशस हा छोटासा बेटांचा देश आहे. तिथे भांडवलाचे डोंगर नाहीत, करसवलतीचा जुना करार आहे. त्या कराराच्या आडून इथलाच पैसा बाहेर जाऊन परदेशी होऊन परत येतो, अशी ओरड वर्षानुवर्षे होत राहिली. शेवटी २०१६ मध्ये सरकारला तो करार बदलावा लागला.

तिसरी गोष्ट. त्याच वर्षीच्या भागभांडवलापैकी ३९ टक्के एकट्या महाराष्ट्रात आले, म्हणून आपण पहिल्या क्रमांकावर आहोत. पण कंपन्यांची मुख्य कार्यालये, बँका आणि वित्तसंस्था मुंबईत आहेत, म्हणून नोंदही मुंबईच्या खात्यावर होते. हा आकडा गडचिरोली, हिंगोली, नंदुरबारला दिसत नाही. मराठवाड्यातला पोरगा आजही ऊसतोडीला जातो किंवा चाकण-रांजणगावला येऊन दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांबरोबर राहतो आणि ‘ट्रेनी’ या नावाखाली कायम कामगाराचेच काम करतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादा देश गुंतवणूकदाराला कशामुळे आवडतो?

स्वस्त मजुरी हेच उत्तर असते तर जगातल्या सर्वात गरीब देशांकडे भांडवलाची रांग लागली असती. प्रत्यक्षात जगात सर्वाधिक परकीय गुंतवणूक साठलेली आहे ती अमेरिकेत, जिथली मजुरी आपल्या कितीतरी पट आहे. गुंतवणूकदार वेगवेगळ्या कारणांनी येतो. कोणी इथल्या गिऱ्हाइकासाठी येतो. त्याला लोकांच्या खिशात पैसा हवा असतो. कोणी खाण, तेल, जमीन यांसाठी येतो. त्याला आमचे जंगल हवे असते. कोणी कमी खर्चात माल बनवून जगभर विकण्यासाठी येतो आणि कोणी इथल्या बुद्धीसाठी, कौशल्यासाठी येतो. या चौघांपैकी फक्त तिसऱ्याला मजुरीचा दर महत्त्वाचा वाटतो. त्यालाही नुसता दर पुरत नाही. वीज न जाणे, बंदरातून माल वेळेत सुटणे, सुट्या भागांचे पुरवठादार जवळ असणे आणि सूचना वाचून यंत्र चालवणारा निरोगी कामगार मिळणे, हे सगळे त्याला लागते.

व्हिएतनामचे उदाहरण घेऊ, कारण आपले अर्थपंडित तेच नाव सारखे तोंडावर फेकतात. अमेरिकेच्या बॉम्बवर्षावातून बाहेर पडलेल्या या देशाने १९८६ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू केल्या आणि १९८७ मध्ये परकीय गुंतवणुकीचा कायदा केला. पुढे सॅमसंगने हनोईजवळच्या बाक निन्ह प्रांतात मोबाइलचा कारखाना घातला आणि पाहता पाहता व्हिएतनाम जगाचे मोबाइलचे कोठार झाले. आमचे पंडित इथे थांबतात. आम्ही थांबत नाही. सुधारणांच्या कितीतरी आधी उत्तर व्हिएतनाममध्ये जमीनदारी मोडली होती. खेड्याखेड्यात प्राथमिक शाळा आणि आरोग्यसेवक पोहोचले होते. २०१२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय पिसा चाचणी झाली तिच्यात गणितात व्हिएतनामची मुले अमेरिका आणि ब्रिटनच्या मुलांच्या पुढे गेली. आपण त्याच चाचणीच्या २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही आपली शिक्षणात पुढारलेली राज्ये उतरवली. दोन्ही यादीच्या तळाशी गेली. आपण काय केले? शाळा सुधारण्याऐवजी पुढच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले.

व्हिएतनाममध्ये दहातल्या जवळपास सात स्त्रिया कमावत्या आहेत. तिथल्या कायद्यातही कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा आहे. जादा कामाच्या तासांवर वर्षाची मर्यादा आहे आणि बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा आहे. मग बारा तासांशिवाय गुंतवणूक येत नाही हे कोणी सांगितले? व्हिएतनाम हा स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथे स्वतंत्र कामगार संघटनांना मोकळीक नाही आणि ते आम्हाला कधीच मान्य होणार नाही. पण भांडवल तिथे गेले ते जमीन, शाळा आणि दवाखाना यांवर उभ्या राहिलेल्या माणसाकडे, हे नाकारता येत नाही.

दूर कशाला, मध्य अमेरिकेतला कोस्टारिका पाहा. १९४८ मध्ये या चिमुकल्या देशाने सैन्यच बरखास्त केले आणि शिक्षण, आरोग्यावर भर दिला. १९९६ मध्ये इंटेलने आपला कारखाना घालण्यासाठी हा देश निवडला, तेव्हा मजुरी तिथल्यापेक्षा स्वस्त असलेले देश शेजारीच होते.

आता आपल्याकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्क्यांहून जास्त मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. पुढारलेला म्हणवणारा महाराष्ट्रही त्याच आकड्याच्या आसपास आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या शिक्षण धोरणाने तेच वाक्य पुन्हा छापले. मधल्या पन्नासहून जास्त वर्षांत ते एकदाही पाळले गेले नाही. खुज्या राहिलेल्या, गळती झालेल्या मुलांमध्ये सर्वात जास्त मुले कोणाच्या वस्तीतली आहेत हे आम्ही वेगळे सांगायला नको. देशाच्या मनुष्यबळाचा मोठा हिस्सा बालपणीच मोडायचा आणि मग गुंतवणूक का येत नाही म्हणून कामगार कायद्यांकडे बोट दाखवायचे, हा उद्योग आधी बंद झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट कायद्याच्या राज्याची. व्होडाफोनच्या करप्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. काही आठवड्यांतच सरकारने मागील तारखेपासून लागू होणारी कायदा दुरुस्ती आणली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात भारत हरला आणि २०२१ मध्ये ती तरतूद मागे घ्यावी लागली. कंपनीने कर भरू नये असे आमचे म्हणणे नाही, भरलाच पाहिजे. पण खेळ संपल्यावर नियम बदलणाऱ्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही.

याच्या उलट टोकाला आहे गुहागरचा एन्रॉन. सोळा टक्के परताव्याची हमी, राज्याची हमी, वर केंद्राची प्रतिहमी आणि न परवडणारी वीज! गावकऱ्यांनी विरोध केला तेव्हा लाठ्या चालल्या, बायकामाणसांना तुरुंगात डांबले गेले. त्याची नोंद आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांना घ्यावी लागली. शेवटी २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच वर्षी अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. ओडिशातही तेच झाले. पोस्को या कोरियन कंपनीचा प्रकल्प २००५ मध्ये देशातली सर्वात मोठी परकीय गुंतवणूक म्हणून गाजवला गेला. जमीन देणाऱ्यांना कोणी विचारले नाही. विड्याच्या पानांचे मळे वाचवायला माणसे बारा वर्षे लढली आणि कंपनी निघून गेली. लोकांची संमती हा गुंतवणुकीतला अडथळा आहे असे मानणाऱ्यांनी या दोन प्रकल्पांत किती वर्षे आणि किती पैसे वाया गेले याचा हिशेब मांडावा.

कामगारांना चिरडून कारखाना चालत नाही, हेही दिसले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरजवळ आयफोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. मुली रस्त्यावर उतरल्या, कारखाना जानेवारीपर्यंत बंद राहिला आणि अ‍ॅपललाही त्या कारखान्याला देखरेखीखाली ठेवावे लागले. पुढे २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारने बारा तासांचे विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतले, पण कामगार संघटना उठल्या आणि ते मागे घ्यावे लागले. म्हणून तिथली गुंतवणूक पळून गेली का? आयफोन आजही तिथे बनतात.

आता जातीचा प्रश्न. तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसतो, म्हणून आम्हालाच काढावा लागतो. आपल्याच चळवळीतले काही मित्र म्हणतात की बाजार जात विचारत नाही, परकीय कंपनी येऊ द्या, आपली पोरे पुढे जातील, आपणही उद्योजक होऊ. २००५ मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर उभी राहिली ती याच आशेतून. त्या मित्रांच्या कष्टाबद्दल आम्हाला आदर आहे. नोकर होण्यापेक्षा मालक होण्याची ईर्षा चांगलीच आहे. पण बाजार जात विचारत नाही, हे मात्र खरे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की दलित नावाच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. परदेशी कंपनीचे भांडवल परदेशी असते, पण इथला एचआर मॅनेजर, इथला ठेकेदार, इथला सुपरवायझर याच गावगाड्यातून आलेला असतो. तो सोबत जातही घेऊन येतो. अमेरिकेत गेला तरी घेऊन जातो. म्हणून तर अ‍ॅपलला आपल्या कर्मचाऱ्यांच्या आचारसंहितेत जातिभेदाला बंदी असल्याचे स्पष्ट लिहावे लागले आणि २०२३ मध्ये सिएटल शहराने तसा कायदाच केला.

ज्या देशात माणसाचे काम त्याच्या हुनरापेक्षा त्याच्या जन्मावरून ठरते, तिथे अर्धी बुद्धिमत्ता गटार उपसण्यात आणि वीटभट्टीवर वाया जाते. गुंतवणूकदाराला हवे ते कौशल्य याच वाया गेलेल्या माणसांत दडलेले असते. म्हणून जातिअंत ही या देशाची सर्वात मोठी औद्योगिक सुधारणा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आणि पैसा कोणाचा? गुजरातमधल्या साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचा खर्च पावणेतीन अब्ज डॉलर. त्यातला निम्मा केंद्र सरकार देणार, २० टक्के गुजरात सरकार देणार. परदेशी कंपनीचे स्वतःचे तीस टक्के. याला परकीय गुंतवणूक म्हणायचे की सरकारी गुंतवणुकीवर परकीय पाटी? सरकारच्या पैशाने सरकारी कारखाना निघाला असता तर त्यात आरक्षण लागू झाले असते. इथे सत्तर टक्के पैसा जनतेचा आणि आरक्षण शून्य! दुसरीकडे २०२५ मध्येच महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवला, म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. कंपनीला द्यायला तिजोरी उघडी, वसतिगृहातल्या पोरांना द्यायची वेळ आली की तिजोरीत खडखडाट.

बाबासाहेब अर्थतज्ज्ञ होते, हे आम्ही जयंतीला सांगतो आणि विसरून जातो. १९२३ च्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात आणि पुढे चलन आयोगापुढे त्यांनी एक मुद्दा मांडला. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो खरा, पण तो परदेशातून येत नाही. भाव वाढतात, मजुरी त्या मानाने वाढत नाही, म्हणून मजुराच्या ताटातला घास व्यापाऱ्याच्या ताटात जातो. देश श्रीमंत होत नाही, देशातला एक वर्ग दुसऱ्याच्या जिवावर श्रीमंत होतो. शंभर वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजच्या प्रत्येक सवलतीला लावून पाहा. वाढवलेले तास, माफ केलेला कर, नाममात्र भावात दिलेली जमीन: यातले काहीही आकाशातून पडत नाही. कोणाच्या तरी ताटातून ते जाते आणि ते ताट बहुतेक वेळा आमचे असते.

आम्ही विकासाच्या आड येत नाही. कारखाने यावेत, परदेशी यावेत, देशी यावेत. गावातल्या मातीच्या घराला आणि सावकाराच्या दाराला कंटाळून बाबासाहेबांच्या सांगण्यावरून शहराची वाट धरणारा आमचाच समाज आहे. पण आमच्या अटी आहेत.

ज्या कंपनीला सरकारी अनुदान, करमाफी किंवा एमआयडीसीची सवलतीची जमीन मिळते, तिने किती कायम नोकऱ्या दिल्या आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि स्त्रिया किती, हे दरवर्षी जाहीर करावे. जनतेचा पैसा जितका, तितकी प्रतिनिधित्वाची जबाबदारीही असावी. आठ तासांना हात लावू नये. अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनांचा निधी दुसरीकडे वळवायला कायद्याने बंदी करावी. उद्योगाला हजारो एकर देताना हात न थरथरणाऱ्या सरकारने पिढ्यान् पिढ्या गायरान कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावे सातबारा करावा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये त्यासाठी सत्याग्रह केले आणि हजारोंनी तुरुंग भरले. ती मागणी अजून पुरी झालेली नाही.

पुढच्या जानेवारीत पुन्हा दावोसची विमाने सुटतील, पुन्हा आकडे येतील. त्या दिवशी आपल्या तालुक्याच्या आमदाराला फक्त तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षीच्या करारांतले किती कारखाने उभे राहिले? त्यात आपल्या वस्तीतली किती पोरे-पोरी कायम झाली? आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणिताचा मास्तर कधी येणार? यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हळूहळू आपोआप मिळतील.

जय भीम!